शनीला एकदा डोळ्यांनी पाहू या

शिरूर-दौंड परिसरात ज्याचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते आणि ज्याला सर्वांत कमी लोकांनी पाहिले आहे, असा ग्रह म्हणजे शनी. दर शनिवारी दुकानांच्या उंबरठ्यावर नवी लिंबू-मिरची लटकते, उसाच्या ट्रकपुढे काळी बाहुली डुलते आणि शनी अमावस्येला शिंगणापूरकडे निघालेल्या गाड्यांनी नगर रस्ता भरून जातो. कोणाच्या श्रद्धेचा उपहास करण्याची आमची इच्छा नाही. परंतु १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या घरांतून देव्हारे गेले, त्या घरांतही सोयरीक जुळवताना ‘साडेसाती तेवढी बघून घ्या’ असे हळूच म्हटले जाते, हे आपण सारे जाणतो. चांगले स्थळ त्यापायी मोडते, उसनवारी करून शांती केली जाते, मुलीच्या शिक्षणाचा निर्णय ‘हे वर्ष जाऊ दे’ म्हणून लांबणीवर पडतो. या भयाची किंमत पैशांत आणि आयुष्यांत मोजावी लागते, म्हणूनच या स्मरणिकेत शनीविषयी लिहावेसे वाटले.

हा ग्रह आहे तरी कसा? सूर्यापासून सहावा, सुमारे १४३ कोटी किलोमीटर अंतरावरचा. त्याचा विषुववृत्तीय व्यास १,२०,००० किलोमीटरांहून थोडा अधिक, म्हणजे नऊ पृथ्व्या एका ओळीत मांडल्या तरी जागा उरेल. आपण शनीला लोखंड वाहतो. तो स्वतः मात्र मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचा बनलेला आहे. पाय ठेवायला घट्ट जमीन नाही आणि सरासरी घनता पाण्याहूनही कमी. स्वतःभोवतीची फेरी तो पावणेअकरा तासांच्या आतच पूर्ण करतो. तेलाचेच म्हणाल, तर त्याच्या टायटन या सर्वांत मोठ्या चंद्रावर द्रवरूप मिथेन-इथेनची सरोवरे आहेत. आपल्या वाटीभर तेलावाचून तिथे कुणाचे अडत नसावे.

साडेसातीचे गणित तर शाळेतल्या मुलालाही करता येईल. शनीला सूर्याची एक प्रदक्षिणा करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. या संथ चालीमुळेच आपल्या पूर्वजांनी त्याला शनैश्चर म्हटले, आणि ते निरीक्षण अचूक होते. बारा राशींत ही वर्षे वाटली की एका राशीला अडीच वर्षे येतात. जन्मराशी, तिच्या अलीकडची एक व पलीकडची एक अशा तीन राशी धरल्या की साडेसात वर्षे होतात. याचाच दुसरा अर्थ असा की कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना, म्हणजे ढोबळमानाने चौथ्या हिश्श्याच्या माणसांना साडेसाती चालूच असते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. तिच्या चौथ्या हिश्श्यात पावणेतीन कोटींहून अधिक माणसे येतात. एवढ्या सर्वांवर एकाच वेळी संकट येते काय? उलट १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा बाराही राशींची माणसे खडी फोडायला रोजगार हमीच्या कामांवर गेली. पुढे शिरूरच्या शिवारात चासकमानचे आणि दौंडच्या शिवारात खडकवासल्याचे पाणी पोहोचले, ते कालवे खोदल्यामुळे. साडेसात वर्षांच्या काळात कोणाच्या घरात आजारपण, नापिकी किंवा भाऊबंदकी घडत नाही? जे घडते त्याला साडेसातीचे नाव मिळते. साडेसाती नसताना जे घडते त्याला दुसरे नाव शोधले जाते.

हा विचार नवा नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रह-नक्षत्रांवरून भाकिते सांगून पोट भरणे ही भिक्खूंसाठी मिथ्या उपजीविका मानली आहे. नक्खत्तजातकाची कथाही आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे. शहरातल्या एका कुटुंबाने गावाकडची मुलगी ठरवली आणि अगदी लग्नाच्या दिवशी एका आजीवकाला नक्षत्र विचारले. आधी विचारले नाही याचा राग मनात धरून त्याने ‘आज दिवस अशुभ’ असे सांगितले. वऱ्हाड आले नाही. गावकऱ्यांनी वाट पाहिली आणि मुलीचे लग्न दुसऱ्याशी लावून दिले. दुसऱ्या दिवशी शहरातली मंडळी पोहोचली, तेव्हा त्यांच्या वाट्याला भांडणाखेरीज काही आले नाही.

आपल्या पुण्यातही याची परीक्षा झाली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह हुशार आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम अशा दोनशे मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच सांगायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. त्यांच्या बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती.

तरीही आमचे मत असे की केवळ युक्तिवादाने भय जात नाही. धम्माचे एक लक्षण ‘एहिपस्सिको’ आहे: या आणि पाहा. शनीच्या बाबतीत हे शब्दशः करता येते. १६१० साली गॅलिलिओने त्याला दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा तीन गोल शेजारी-शेजारी असल्यासारखे त्याला भासले. १६१२ साली बाजूचे दोन्ही नाहीसे झाले आणि तो चक्रावला. ते कडे आहे, हे हायगेन्सने १६५९ साली प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या रेषेत आडवे आले की ते दिसेनासे होते, जसे २०२५ च्या मार्चमध्ये झाले. ही कडी म्हणजे मुख्यतः पाण्याच्या बर्फाचे असंख्य तुकडे; पसारा पावणेतीन लाख किलोमीटरांचा, जाडी मात्र बहुतेक ठिकाणी काही मीटरच.

साठ-सत्तर मिलिमीटर भिंगाच्या साध्या दुर्बिणीतूनही हे कडे दिसते. येती काही वर्षे पावसाळा सरल्यावर संध्याकाळी शनी पूर्वेकडे असेल. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींचा उजेड वाढला असला, तरी शनी पाहण्यास तो आड येत नाही. जगभरातून जिथे खगोलशास्त्रज्ञ येतात ती खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि आपल्या वसतिगृहातून दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाने एकही ग्रह दुर्बिणीतून पाहिलेला नसावा, हे आम्हाला पटत नाही. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला एक चांगली दुर्बीण द्यावी. ती कपाटात कुलूपबंद न राहता मैदानात यावी, तिची देखभाल वरच्या वर्गातील मुला-मुलींकडे असावी. पाहण्यासाठी शनिवारची संध्याकाळ राखून ठेवावी आणि मुलांना भेटायला आलेल्या आई-वडिलांना रांगेत पुढे उभे करावे.