तलासरीच्या पोरांच्या आडून

"तिकडे डहाणू-तलासरीत पोरांना धड शाळा नाही, आणि इथे गुरुत्वीय लहरींवर २,६०० कोटी उधळतायत!"

मंडळी, हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल तर बहुतेक तुम्हीच कधीतरी म्हटलं असेल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळच्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेच्या खर्चाला मंजुरी दिली. तेव्हापासून आमच्या कॅन्टीनमध्ये हा विषय अधूनमधून निघतोच. बोलणारे सगळे शिकलेले, चांगल्या पगाराचे. गरिबांचा कळवळा त्यांना एरवी फारसा येत नाही. शास्त्रज्ञाला पैसे मिळाले की मात्र हमखास येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्न गरिबांच्या बाजूने विचारलेला नसतोच. तलासरीचं पोर इथे नुसतं ढालीसारखं पुढे केलं जातं. हा त्या शास्त्रज्ञावर अन्याय आहेच, पण त्याहून जास्त त्या पोरावर आहे. कसा, ते सांगतो.

आधी शास्त्रज्ञ. पुण्याच्या आयुकातले डॉ. संजीव धुरंधर घ्या. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभ्या केलेल्या या संस्थेत ते १९८९ मध्ये आले. त्यांचा प्रश्न असा : दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक होतात तेव्हा निघणारी गुरुत्वीय लहर यंत्राच्या गोंगाटातून ओळखायची कशी? गंमत म्हणजे, अशी लहर पकडू शकेल असं यंत्र तेव्हा जगात कुठेच नव्हतं. आईनस्टाईनने १९१६ मध्ये या लहरींचं भाकीत केलं आणि १९३६ मध्ये त्यालाच शंका आली होती. म्हणजे हार्डवेअर नाही, डेटा नाही, आणि हा माणूस सर्च अल्गोरिदम लिहायला बसलेला. आपल्याकडे असं कुणी केलं तर मॅनेजर पहिल्याच मीटिंगमध्ये बाहेर काढेल.

अल्गोरिदमची कल्पना आपल्या लोकांना लगेच कळेल अशी आहे. कृष्णविवरं जवळ येत जातात तशी लहरीची उंची आणि वारंवारता वाढत जाते आणि मग सगळं एकदम संपतं. हा आकार समीकरणांतून आधीच काढता येतो. तो साचा डेटावर सरकवत न्यायचा, गुणाकार करायचा, बेरीज घ्यायची. जिथे जुळलं तिथे बेरीज उसळी मारते. साधं कॉरिलेशन. पण कृष्णविवरांची वस्तुमानं आपल्याला आधी माहीत नसतात, त्यामुळे साचे भरपूर लागतात. विरळ ठेवले तर लहर मधल्या फटीतून निसटणार, दाट ठेवले तर कॉम्प्युटर झोपणार. मग किती ठेवायचे, आणि किती अंतरावर? १९९१ मध्ये धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी 'फिजिकल रिव्ह्यू डी'मध्ये नेमक्या याच प्रश्नावर पेपर लिहिला.

त्याच वर्षी अमेरिकेत टोनी टायसन हे खगोलशास्त्रज्ञ तिथल्या संसदेच्या समितीसमोर लायगोबद्दल शंका मांडत होते. म्हणजे 'कशाला हे?' हा प्रश्न काही आपल्याच कॅन्टीनमधला नाही. आणि टायसन यांची शंका खोटी नव्हती. लायगोचं बांधकाम १९९४ मध्ये सुरू झालं, पहिलं यंत्र २००२ ते २०१० चाललं आणि त्याला एकही लहर सापडली नाही. एकही नाही!

मग आला १४ सप्टेंबर २०१५. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली होती, ती लहर पृथ्वीवर पोचली. चार किलोमीटरच्या नळीच्या लांबीत फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान. खरं सांगायचं तर पहिली नोंद साचे न वापरणाऱ्या एका सर्वसाधारण शोधाने तीन मिनिटांत केली. पण 'नक्की लहरच का? गोंगाट कशावरून नाही?' या प्रश्नाचं सगळ्यात पक्कं उत्तर सुमारे अडीच लाख साच्यांच्या शोधातून आलं : नुसत्या गोंगाटातून असा सिग्नल २,०३,००० वर्षांतून एकदासुद्धा दिसणार नाही. लहरीचा शेवटचा भाग, म्हणजे नवं कृष्णविवर घंटेसारखं थरथरून शांत होतं तो, बंगळूरच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच गणिताने दाखवला होता.

धुरंधर १९८९ ते २०१५ म्हणजे २६ वर्षं थांबले, विश्वेश्वरा ४५. आपण दोन तिमाही आकडे नाही आले तर प्रॉडक्ट बंद करतो.

आता पैशांचं बघू. २,६०० कोटी भागिले १४० कोटी माणसं. डोकी साडेअठरा रुपये, तेही दरवर्षी नाही, एकदाच. वडापावसुद्धा येत नाही त्यात.

आणि ज्या डहाणू-तलासरीच्या नावाने गळा काढला जातो, तिथेच काय चाललंय? डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये मंजुरी मिळाली ती सुमारे ७६,२०० कोटींची. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन याच दोन तालुक्यांतून जाते. २०१७ मध्ये पायाभरणी झाली तेव्हाचा अंदाज होता सुमारे १ लाख ८ हजार कोटी. बंदर हवं की नको, ट्रेन हवी की नको, हा वेगळा वाद आहे आणि तो तिथले मच्छीमार आणि आदिवासी पोटतिडकीने घालतायत. माझा प्रश्न आपल्याला आहे. बुलेट ट्रेनचा विषय निघाल्यावर कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं का, की तलासरीत शाळा नाहीत, आधी त्या बांधा? आमच्याकडे तरी नाही. तेव्हा सगळे तिकीट किती असेल ते विचारत होते.

'पण पैसे शेवटी मर्यादितच ना?' हा मुद्दा खरा आहे, टाळत नाही. पण लायगो-इंडिया उद्या रद्द केली तर ते पैसे तलासरीच्या आश्रमशाळेत गणिताचा शिक्षक होऊन पोचतील, असं ज्याला मनापासून वाटतं त्याने हात वर करावा. मला तरी वर आलेले हात दिसणार नाहीत.

काही लोकांना उपयोगच ऐकायचा असतो, तर तोही ऐका. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जमीन हादरायला लागली. डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या आसपास लहान-लहान धक्क्यांची रांगच लागली. ऐन थंडीत लोक घराबाहेर झोपत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्यानंतरच्या धावपळीत एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने तिथे भूकंपमापक बसवले. आता बघा, अशा मालिकेतले माणसाला जाणवतही नाहीत असे बारीक धक्के नोंदींच्या गोंगाटातून शोधायला भूकंपशास्त्रात काय वापरतात? ओळखीच्या धक्क्याचा साचा घ्यायचा आणि डेटावर सरकवत न्यायचा. गणित तेच. तिकडे लायगोचा मोठा शत्रू कोण, तर जमिनीची थरथर. म्हणजे एकाचा सिग्नल तो दुसऱ्याचा नॉईज.

पण या उपयोगावर मी माझी बाजू उभी करणार नाही. धुरंधरांनी साचे मोजले ते भूकंपासाठी नव्हे. विश्वात काय घडतं ते कळावं म्हणून मोजले, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. तुम्ही म्हणाल, पुरेसं कुणासाठी? पोट भरलेल्यांसाठी?

इथेच माझा खरा राग आहे. कारण या प्रश्नात एक गृहीतक लपलेलं असतं : कृष्णविवरांबद्दलचं कुतूहल ही आपली चैन, आणि तलासरीच्या पोराला फक्त 'उपयोगी' गोष्टी हव्यात. स्वतःच्या मुलीला आपण आयुकात व्याख्यानाला नेतो, टेलिस्कोप घेऊन देतो, ऑलिंपियाडच्या क्लासला घालतो. आणि आदिवासी पोराने काय करावं? आयटीआय, ड्रायव्हिंग, फार तर वारली चित्रं. जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे, २०११ चे पद्मश्री. त्यांची कला आपल्या कुर्त्यांवर आणि ऑफिसच्या रिसेप्शनला झळकते, आपल्याला अभिमानही वाटतो. पण त्याच तालुक्यातून कुणी सैद्धांतिक भौतिकीचा प्राध्यापक होईल ही कल्पना आपल्या डोक्यात येतसुद्धा नाही. तलासरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक आदिवासी आहेत आणि मुंबईपासून ते अंतर दीडशे किलोमीटरही नाही. आपण बोर्डीला वीकएंडला जातो, चिकू आणतो, परत येतो.

त्याच बोर्डीत ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बालवाडी सुरू केली. जोडीला अनुताई वाघ. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ती अंगणवाडी. गुरं राखायला जातात ना, मग कुरणशाळा. शिकवायचं साहित्य काय, तर शिंपले, बिया, पानं, खडे. १९७५ मध्ये देशभर योजना आली तेव्हा अंगणवाडी हाच शब्द घेतला गेला. आणि हो, १९४५ हेच वर्ष वारल्यांच्या उठावाचंही. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वारली वेठबिगारीविरुद्ध, लग्नगड्याच्या गुलामीविरुद्ध उभे राहिले ते याच भागात.

म्हणजे बघा, पाठीवर आसूड असण्याच्या दिवसांत, एकाच वर्षी, एकाच पट्ट्यात भाकरीचा लढा झाला आणि तीन वर्षांच्या पोराच्या हातात रंगीत बियाही आल्या. एकासाठी दुसरं थांबलं नाही. 'आधी पोट, मग कुतूहल' हा हिशोब डहाणू-तलासरीने ८० वर्षांपूर्वीच मोडून दाखवलाय. आपण मात्र अजून तोच मांडून बसलोय, आणि तोही त्यांच्याच नावाने.

मग मागायचं काय? धुरंधरांसारखं करिअर घडायला काय लागतं ते उलगडून बघा. आठवीत गणित नीट शिकवणारा शिक्षक. मुलाला समजेल अशा भाषेतलं पुस्तक, कारण घरात वारली बोलणाऱ्याला आपली पुस्तकी मराठीही परकीच. कॉलेजात असताना फीची आणि घरच्या खर्चाची सोय. आणि नंतर लहर सापडो न सापडो, २६ वर्षं पगार देत राहील अशी संस्था. यातलं शेवटचं आपल्याकडे आयुकाच्या रूपाने आहे. पहिली तीन तलासरीत नाहीत, आणि ती नाहीत याचा दोष गुरुत्वीय लहरींना देण्यात काही अर्थ नाही.

आपल्या कंपन्या काय करतात तेही बघितलंय. वर्षातून एकदा टी-शर्ट घालून बसमधून आश्रमशाळेत जायचं, भिंत रंगवायची, फोटो काढायचे, संध्याकाळी परत. त्याऐवजी एका शाळेला पाच वर्षांसाठी गणिताच्या एका शिक्षकाचा पगार द्या, असं मी एका ठिकाणी सुचवलं होतं. उत्तर आलं : 'यात व्हिजिबिलिटी नाही.'

असो. औंढ्याची वेधशाळा याच दशकाच्या शेवटी सुरू व्हावी असं ठरलंय, आणि अशी वेधशाळा सुरू झाली की पुढे अनेक वर्षं चालते. आज धुंदलवाडीत पहिलीत असलेली पोरगी तिथे डेटा तपासायला बसू शकते, वय अगदी बरोबर जुळतं. २,६०० कोटींचा विषय पुन्हा निघाला तर तिच्यासाठी तिथली खुर्ची मागा, आणि त्या खुर्चीपर्यंतचा रस्ताही मागा. तेवढं जमत नसेल तर निदान तिच्या नावाने गळा काढू नका.