हिरवा रोखा कोण घेतो?

जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या एका निवृत्त सरांनी मला थांबवलं. "बेटा, हे ग्रीन बॉण्ड काय असतं? मुलगा म्हणतो, थोडे पैसे टाका." मी सांगितलं, सरकार किंवा महापालिका आपल्याकडून कर्ज घेते, ते सौरऊर्जेसारख्या कामालाच लावते आणि ठरलेलं व्याज देते. सर म्हणाले, "काम नेक आहे. पण व्याजच ना?" विषय तिथेच संपला.

पर्यावरणाची कळकळ असली की माणूस असे रोखे घेतो, असं मानलं जातं. मला ते फारसं पटत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत इंदूर महापालिकेने 244 कोटींचे हिरवे रोखे काढले. किमान रक्कम 10,000 रुपये, व्याज 8.25 टक्के. मागणी त्याच्या जवळपास तिप्पट आली. नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून शहरात आणताना विजेचं बिल किती येतं हे इंदूरकरांना ठाऊक आहे, आणि हा पैसा तिथल्याच 60 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी होता. शिवाय व्याज बँकेतल्या ठेवीपेक्षा बरं होतं. केंद्र सरकारनेही त्याच सुमारास 16,000 कोटींचे हिरवे रोखे विकले, पण सुरुवातीला त्यांवरचा परतावा नेहमीच्या सरकारी रोख्यांपेक्षा किंचित कमीच होता. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सामान्य माणूसही सरकारी रोखे घेऊ शकतो. पण प्रकल्प डोळ्यांसमोर नाही आणि वर पैसेही कमी, तर त्याने का घ्यावेत?

सरांच्या प्रश्नाला इंडोनेशियाने उत्तर शोधलं. नोव्हेंबर 2019 मध्ये तिथल्या सरकारने सामान्य लोकांसाठी हिरवा सुकूक आणला. यात पैसा सरकारी मालमत्ता आणि प्रकल्पांत गुंततो आणि मोबदला त्यांच्या उत्पन्नातून येतो, व्याज म्हणून नाही. किमान रक्कम दहा लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण पाच हजार. खरेदी घरबसल्या.

तरी पहिल्या वेळी विक्री 1.46 लाख कोटी रुपियांचीच झाली. त्याच वर्षी आधी आलेल्या साध्या सुकूकवर 7.40 टक्के मिळत होते, यावर 6.75. हिरवा शिक्का असूनही विक्री त्याच्यापेक्षा कमी. पुढच्या वर्षी दर आणखी उतरून 5.5 टक्क्यांवर आला आणि विक्री 5.42 लाख कोटींवर गेली! कारण तोवर बँकांच्या ठेवींचे दरही घसरले होते, आणि ठेवींवर 20 टक्के कर असताना सुकूकवर 15 टक्केच होता. म्हणजे हलाल आणि हिरवा हे दोन्ही शब्द दार उघडतात, पण आत येणारा माणूस हिशेब करूनच येतो. त्यात गैर काहीच नाही.

आपल्याकडे सुकूकचं नाव काढलं की काहींना लांगूलचालन दिसतं. ब्रिटनने 2014 मध्येच 20 कोटी पौंडांचा सरकारी सुकूक काढला. तिथे कोणाचं लांगूलचालन होतं? आपल्या रिझर्व्ह बँकेने मात्र 2017 मध्ये इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव बाजूला ठेवला.

दरम्यान 'हलाल नफ्या'च्या नावाखाली 2019 मध्ये बंगळुरूत हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत बुडाली. सरांनीही अशाच एका योजनेत मुलीच्या लग्नाचे पैसे घातले होते. उरलेली पुंजी आता चालू खात्यात पडून आहे. महागाई ती दरवर्षी थोडी थोडी खाते. जलूदसारख्या एखाद्या प्रकल्पाच्या उत्पन्नातला वाटा त्यांना सरकारी हमीने मिळाला असता, तर ते फॉर्म भरायला माझ्याकडेच आले असते.