करारावरचं दुसरं नाव

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला गाद्या-उशांना ऊन दाखवण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांची उत्तरं पुढच्या अंकात देईन. आज मात्र उंबरठ्याबाहेरचं, अगदी समुद्रापलीकडचं लिहायचं आहे.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही नऊ दिवस सायप्रसला जाऊन आलो. माझे धाकटे दीर लिमासोलला असतात. जहाजांचा कारभार पाहणाऱ्या पुष्कळ कंपन्या त्या गावात आहेत, त्यांतल्याच एकीत त्यांची नोकरी. राहण्याचा खर्च वाचणार म्हणूनच हे जमलं, नाही तर आमच्यासारख्यांना कुठलं परदेश!

सायप्रस हे भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाचं बेट. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यापेक्षाही थोडं लहानच. १९७४ सालापासून त्याचे दोन भाग झालेत आणि मधल्या पट्ट्यावर संयुक्त राष्ट्रांचे सैनिक पहारा देतात. आम्ही फिरलो ते दक्षिण भागात. मोठ्या गावांना बस जाते, पण डोंगरातली खेडी पाहायची तर स्वतःची गाडी हवी. १८७८ ते १९६० इंग्रजांचा अंमल होता, म्हणून तिथं वाहनं आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. तेव्हा भाड्याची मोटार घेऊन आपणच चालवायची असं ठरलं.

‘आपणच’ म्हणजे कोण, हे अर्थातच न बोलता ठरलेलं होतं. मला परवाना मिळून नऊ वर्षं झाली. शाळेत, मंडईत, मुलीच्या क्लासला मी गाडी नेते. पण गावाची वेस ओलांडायची म्हटली की हे चाकामागे बसतात आणि मी शेजारी, डबा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत. कुणी कुणाला ‘नको’ म्हटलेलं नाही. सवय झाली, एवढंच. पसरणीच्या घाटातून मी कितीदा गेले असेन, पण चालवत एकदाही नाही.

भाड्याच्या गाडीच्या कचेरीत करार करताना तिथल्या बाईनं विचारलं, “दुसऱ्या चालकाचं नाव घालायचं का?” त्याचे दिवसाला काही युरो जास्त पडणार होते. हे चटकन म्हणाले, “कशाला? मी आहे ना.” खरं सांगते, मीही मान डोलावणारच होते. पण निघण्यापूर्वी मी हौसेनं आर. टी. ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता. तो पर्समध्ये टोचायला लागला. मी म्हटलं, “घाला माझं नाव.” ह्यांना ते आवडलं नाही. पैशांपेक्षा जास्त काहीतरी त्यांना लागलं असावं. गाडीत बसेपर्यंत दोघंही गप्प. मुलगी मागून म्हणाली, “आई, इथं गाडीच्या नंबराची पाटी लाल का?” भाड्याच्या गाड्यांची पाटी तिथं लाल असते, परका चालक ओळखू यावा म्हणून बरंच झालं!

पहिले दोन दिवस ह्यांनीच चालवलं. पाफोसच्या जुन्या रस्त्यानं समुद्रातले ते मोठे खडक पाहिले, जिथं सौंदर्यदेवता आफ्रोदिती फेसातून वर आली असं म्हणतात. वळताना दिवा लावायला जावं तर वायपर फिरायचा, कारण कळा आपल्या गाडीच्या उलट बाजूला. त्यावर हसता हसता कालचं भांडण विरून गेलं.

तिसऱ्या दिवशी लेफकाराला गेलो. डोंगरउतारावरचं हे गाव भरतकामासाठी प्रसिद्ध. २००९ साली युनेस्कोनं या कलेची वारशाच्या यादीत नोंद केली आहे. अरुंद गल्लीत दारासमोर खुर्च्या टाकून बायका जाड लिननवर काम करत बसलेल्या. कापडातले धागे मोजून काढायचे, उरलेल्या धाग्यांची जाळी विणायची, मधून नागमोडी नक्षी न्यायची. त्या नक्षीला तिथं ‘नदी’ म्हणतात. एका म्हाताऱ्या बाईनं रुमाल उलटा करून दाखवला. मागची बाजूही पुढच्याइतकीच नीटस. हीच हातकामाची खूण. यंत्राच्या कामाची पाठ लगेच ओळखू येते. मी पेल्याखाली ठेवायचा एक छोटासा तुकडा घेतला, त्याहून मोठं परवडण्यासारखं नव्हतं.

तिथल्या दुकानदाराकडून कळलं की पूर्वी बायकांनी दारात बसून भरायचं आणि गावातल्या पुरुषांनी ते गाठोड्यात बांधून युरोपभर विकत हिंडायचं, अशी रीत होती. म्हणजे जिच्या हातची नदी पॅरिस-लंडनला पोचली, ती स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत! कला तिची, प्रवास दुसऱ्याचा. हे मनात घोळत राहिलं.

पाचव्या दिवशी त्रोदोस पर्वत. तिथलं सर्वांत उंच शिखर १,९५२ मीटर आहे. डोंगर ओलांडून पलीकडे काकोपेत्रियाजवळ संत निकोलसचं देऊळ पाहिलं, अकराव्या शतकातलं. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या, आणि बर्फापावसानं ती खराब होऊ नयेत म्हणून मूळ छपरावर दुसरं उतरतं लाकडी छप्पर चढवलेलं. डोंगरातली अशी चित्रांची देवळं १९८५ पासून जागतिक वारशात आहेत. मला ते दुहेरी छप्पर फार आवडलं. आपल्याकडच्या बायका नाही का लोणच्याच्या बरणीवर झाकण आणि झाकणावर दादरा बांधत!

परतताना पर्वतावरच्या त्रोदोस गावात चहाला थांबलो, तेव्हा ह्यांचा चेहरा पांढराफटक दिसला. अर्धशिशी उठली होती. डोळ्यांपुढे काजवे, उजेड सोसवेना. चार वाजून गेलेले, मागे मुलगी, आणि खाली लिमासोलपर्यंत सारा उतार नि वळणं. ह्यांनी डोळे मिटूनच किल्ली पुढे केली. एक शब्द बोलले नाहीत.

माझे हात ओले झाले होते, हे कबूल करते. पहिली दोन वळणं मी इतकी हळू घेतली की मागे तीन गाड्या साचल्या. मग रुंद जागा बघून बाजूला झाले, त्यांना जाऊ दिलं, आणि जीव जरा शांत झाला. घाटाचा जो नियम लहानपणापासून बाबांच्या तोंडून ऐकला होता तोच पाळला: ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं, ब्रेकवर सारखा पाय ठेवून बसायचं नाही. हे शेजारी डोळे मिटून, पण प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता! पाइनची झाडं मागे पडली, मग द्राक्षमळे आले, आणि एका वळणावर खाली समुद्र चमकला. दाराशी गाडी थांबवली तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, तू घाटात बोललीच नाहीस.” कशी बोलणार? श्वास घ्यायला फुरसत होती कुठं!

रात्री बरं वाटल्यावर हे एवढंच म्हणाले, “नाव घातलं होतंस, बरं केलंस.” करारात नाव नसताना मी चालवली असती आणि काही झालं असतं, तर विम्याचा एक पैसाही हाती पडला नसता.

म्हणून, कधी कुणी अशा प्रवासाला निघालात, तर एवढं लक्षात ठेवा. परवाना दोघांचा काढा, तो एक वर्ष चालतो. करारात दुसरं नाव घाला. गाडी ताब्यात घेताना जुन्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा. अंगणातच दिवे, वायपर, रिव्हर्स गिअर पारखून घ्या. चौकातल्या गोलाला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मोठ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ६५ च्या खालीही रेंगाळायचं नाही. शाकाहारी मैत्रिणींनी ‘निस्तीसिमा’ म्हणजे उपवासाचं मागावं. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण त्यांच्या उपवासाला माकुळ किंवा कोळंबी चालते, तेव्हा तेवढं विचारून घ्यावं! पुदिना घातलेलं हलूमी चीज मात्र अवश्य खा. तव्यावर भाजलं तरी पनीरसारखं आकार धरून राहतं.

आता शेवटचं. दिवाळीला सासरी कोल्हापूरला निघालो. हे नेहमीप्रमाणे चाकामागे जाऊन बसले. मला वाटलं होतं, त्या घाटानंतर आपोआप काही बदलेल. तसं आपोआप काही बदलत नाही, बायांनो. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, “कराडपर्यंत तुम्ही, पुढं मी.” ह्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “बरं.” कराडला चहा झाल्यावर मात्र मला मागावं लागलं नाही, किल्ली टेबलावर माझ्या कपाशेजारी होती. कोल्हापुरात दारात गाडी लावली तर सासूबाई ओसरीवर उभ्या. “तू चालवत आलीस?” म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं आतून, “उद्या अंबाबाईला मला घेऊन चल. त्याला झोपू दे.”

लेफकाराचा तो तुकडा मी गाडीतच ठेवला आहे, समोरच्या कप्प्यात. पेल्याखाली घालायला जीव होत नाही.