गाजर गवताला गाजर म्हणू नका



कंधारच्या बैठकीत एका भावाने विचारले, "गाजराच्या जातीचं गवत, मग जनावर तोंड का लावत नाही?" प्रश्न रास्त होता, नाव चुकीचे होते. गाजर गवत गाजराच्या कुळातले नाही, आणि ते गवतही नाही.

गाजर, कोथिंबीर, शेपू, ओवा, बडीशेप, जिरे ही एका कुळातली भावंडे. पानावरून ती ओळखता येतात, पण नुसत्या नक्षीवरून नव्हे. कोथिंबिरीचेच घ्या. भाजीला खुडतो तेव्हा पान रुंद. धने धरायच्या वेळी त्याच झाडाचे वरचे पान दोऱ्यासारखे बारीक. मग नक्षीवरून सोयरीक कशी जुळवायची? कृषी महाविद्यालयात आम्ही शिकलो ते असे : देठाचे बूड पाहा. या कुळात ते पसरट होऊन खोडाला म्यानासारखे कवटाळते. पानात तेलाच्या बारीक नळ्या असतात, म्हणून चुरगाळले की वास सुटतो. शेवटची खात्री फुलोऱ्यावर. तो छत्रीच्या काड्यांसारखा एका जागेतून फुटतो.

गाजर गवताचे पान तेवढे गाजरासारखे कातरलेले. देठाला म्यान नाही, फुलोऱ्याला छत्री नाही. त्याचे एकेक पांढरे फूल म्हणजे बारीक फुलांचा गेंद, झेंडू-सूर्यफुलासारखा. म्हणजे सोयरीक निघाली आपल्या करडईशी! (पांढऱ्या टोप्यांमुळे त्याला काँग्रेस गवत म्हणतात, त्यावर आम्ही काय बोलावे?) अमेरिका खंडातले हे तण १९५० च्या दशकात पुण्यात नजरेत भरले आणि पुढे देशभर पसरले.

याचे पान मात्र चुरगाळून पाहू नका. त्यातल्या पार्थेनिनमुळे अंगाला खाज सुटते, कातडी सुजते. आणि आमच्या मायबहिणी ते उघड्या हातांनी उपटतात. शिवाय कापूस व सूर्यफुलावर येणारा टोबॅको स्ट्रीक विषाणू याच्यात लपून राहतो. झाड हिरवेगार दिसते, आणि त्याचे पराग व फुलकिडे रोग शेतात नेतात.

एकेका झाडाला हजारो बिया. तेव्हा फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हाताला कापड बांधून मुळासकट उपटायचे. बांधावरचे आम्ही काढू. रस्त्याकडेचे आणि गायरानातले कोणी काढायचे? तिथले बी वाऱ्या-पाण्याने आमच्या ज्वारीत येते आणि खुरपणीची मजुरी आम्ही भरतो. ते काम रोजगार हमीवर, हातमोजे देऊन, जुलैतच उरकले पाहिजे. ऑगस्टमधल्या गाजर गवत जागृती सप्ताहापर्यंत ते फुलावर आलेले असते.