विश्लेषण : बिल एका बटणावर निघते, मग पैसे कुठे अडतात?

चौथ्या मजल्याचा स्लॅब एका दिवसात भरून होतो. त्याचे पैसे कंत्राटदाराच्या खात्यात यायला दोन-तीन महिने लागले, तरी बांधकाम क्षेत्रात कुणाला नवल वाटत नाही. आता लहान कंत्राटदारांच्या कार्यालयांतही ‘जॉब कॉस्टिंग’ सॉफ्टवेअर आले आहे. एक बटण दाबले की ‘आरए बिल’ तयार, असे विक्रेते सांगतात. ते खोटे नाही. पण बिल तयार होणे आणि बिल मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधल्या काळात मजुरांचा पगार, सिमेंटवाल्याची उधारी आणि बँकेचे व्याज कंत्राटदाराला स्वतःच्या खिशातून भागवावे लागते.

आरए बिल म्हणजे काय?

‘रनिंग अकाउंट बिल’ म्हणजे चालू देयक. काम पूर्ण होईपर्यंत थांबणे कोणत्याच कंत्राटदाराला परवडत नाही. म्हणून दर महिन्याला किंवा ठरलेल्या टप्प्यावर झालेल्या कामाची मोजमापे घेतली जातात आणि निविदेतील दराने त्याचे मूल्य काढले जाते. सरकारी कामात या साऱ्याचा आधार असते मोजमाप पुस्तिका, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एमबी’. कनिष्ठ अभियंता मोजमापे नोंदवतो, उपअभियंता तपासतो, मग देयक वरच्या टेबलावर जाते. खासगी कामात हीच भूमिका विकासकाचा अभियंता किंवा सल्लागार बजावतो.

या बिलाची खूण म्हणजे त्यातले तीन रकाने : आजवरचे एकूण काम, मागील बिलापर्यंतचे काम आणि दोहोंतील फरक, म्हणजे या बिलाचे काम. प्रत्येक बिल आधीच्या सर्व बिलांना पोटात घेऊन येते. त्यामुळे दुसऱ्या बिलात झालेली चूक सातव्या बिलापर्यंत गुपचूप चालत राहते.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

निविदेतील प्रत्येक बाब, म्हणजे खोदकाम, काँक्रीट, सळई, वीटकाम, प्लास्टर, आधी सॉफ्टवेअरमध्ये दर व परिमाणासह भरली जाते. तिला खर्चाचा एक संकेतांक जोडला जातो. पुढे सिमेंटचे चलन, मजुरीचा हिशेब, मशिनचे भाडे, पेटी कंत्राटदाराचे बिल, जे काही येईल ते त्याच संकेतांकावर चढते. दुसऱ्या बाजूने साइटवरची मोजमापे येतात. अहवाल काढला की एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात : मालकाकडून किती मागायचे आणि त्या कामावर खरोखर किती खर्च झाला.

खरी किंमत या दुसऱ्या गोष्टीची आहे. प्लास्टरच्या बाबीत मागणी दोन लाखांची आणि खर्च सव्वादोन लाखांचा दिसला, तर कंत्राटदाराला तोटा काम संपल्यावर नव्हे, त्याच महिन्यात कळतो. एक्सेलच्या फायलीत हे कळत नाही असे नाही. पण त्या फायलीची शेवटची प्रत कोणती, हे साइटवरचा अभियंता आणि कार्यालयातील लेखापाल वेगवेगळे सांगतात.

२० लाखांच्या बिलात हातात किती?

समजा, एका कंपनीने सरकारी कामात आजवर ८० लाखांचे काम केले, मागील बिलापर्यंतचे काम ६० लाखांचे होते. म्हणजे हे बिल २० लाखांचे. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३ लाख ६० हजार. आता कपाती पाहा. करारानुसार पाच टक्के अनामत रोखली तर १ लाख. सुरुवातीला दिलेल्या आगाऊ रकमेची दहा टक्के दराने वसुली, २ लाख. प्राप्तिकराचा दोन टक्के टीडीएस, ४० हजार. जीएसटीचा दोन टक्के टीडीएस, आणखी ४० हजार. बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर, २० हजार. एकूण कपात ४ लाख.

खात्यात जमा होतात १९ लाख ६० हजार. त्यातील ३ लाख ६० हजार कराचे आहेत. म्हणजे कामाचे म्हणून उरतात १६ लाख. टीडीएस पुढे करात वळता होतो, अनामत दोष दायित्व कालावधी संपल्यावर परत मिळते. पण शनिवारी मजुरांना द्यायची खर्ची या १६ लाखांतूनच निघते. चांगला अहवाल हा प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत दाखवतो. वाईट अहवाल फक्त ‘निव्वळ देय’ लिहून मोकळा होतो. मग तीन वर्षांनी अनामत परत मागताना ती कोणत्या बिलातून किती कापली गेली, हे शोधायला जुन्या फायली काढाव्या लागतात.

अहवाल चुकतो कुठे?

बहुतेक वेळा चूक सॉफ्टवेअरची नसते, भरणाऱ्याची असते. मागील बिल ‘कुलूपबंद’ केलेले नसते. कुणीतरी जुन्या मोजमापात दुरुस्ती करतो आणि मंजूर झालेल्या बिलाचे आकडेच बदलतात. मोजमापे २५ तारखेपर्यंतची आणि खर्च ३० तारखेपर्यंतचा धरला जातो, मग नफा-तोट्याचे चित्र फसवे निघते. वास्तुविशारदाने तोंडी सांगितलेले जादा काम मूळ बाबीतच घुसडले जाते. परिमाण निविदेपेक्षा जास्त भरते आणि बिल आक्षेपासह परत येते. अशा जादा कामाला लेखी मंजुरी आणि वेगळी ओळ, हा साधा नियम पाळला तरी निम्मी भांडणे टळतील.

एक चूक मात्र जाणूनबुजून केली जाते. सुरुवातीच्या बाबींचे दर किंवा टक्केवारी फुगवून आधी जास्त पैसे उचलायचे. खेळते भांडवल नसलेल्या कंत्राटदाराला हा मोह होतो. पण जॉब कॉस्टिंगचा अहवाल तेव्हा मालकाला नव्हे, खुद्द कंत्राटदारालाच फसवतो. पहिल्या सहा महिन्यांत नफा दिसतो. रंगकाम आणि फरशी येईपर्यंत पैसे संपलेले असतात.

मागणी आणि इनव्हॉइस एकच का नको?

बटण दाबल्यावर बिलाबरोबर टॅक्स इनव्हॉइसही काढणे सोयीचे वाटते. तेच महागात पडते. एकदा इनव्हॉइस काढले की पैसे मिळोत न मिळोत, जीएसटी भरण्याची जबाबदारी अंगावर येते. २० लाख मागितले आणि अभियंत्याने १७ लाख मंजूर केले, तर क्रेडिट नोटचा खटाटोप वेगळाच. म्हणून अनेक अनुभवी लेखापाल आधी फक्त मागणीपत्र पाठवतात आणि मोजमापे मंजूर झाल्यावर इनव्हॉइस काढतात. इनव्हॉइसच्या कायदेशीर मुदती करारातील अटींवर ठरतात, तेव्हा ही पद्धत कर सल्लागाराला विचारूनच ठेवावी. पण सॉफ्टवेअरमध्ये या दोन पायऱ्या वेगळ्या असायलाच हव्यात.

मग घोडे पेंड खाते कुठे?

मंजुरीच्या टेबलावर. बिल दोन तासांत तयार होते आणि तिथे सहा आठवडे पडून राहते. सरकारी कामात त्यापुढे निधीची वाट पाहणे येते. थकीत देयकांसाठी राज्यातील कंत्राटदार संघटनांना २०२५ मध्ये आंदोलने करावी लागली, ती काही बिले टाइप करायला उशीर झाला म्हणून नव्हे.

अमेरिकेत वास्तुविशारदांच्या संस्थेचे ‘जी ७०२’ आणि ‘जी ७०३’ हे नमुने प्रचलित आहेत. ‘जी ७०२’वर कंत्राटदाराची मागणी आणि वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र एकाच कागदावर असते. प्रमाणित रक्कम मागणीपेक्षा वेगळी असेल, तर तिचे स्पष्टीकरण जोडावे लागते. ब्रिटनमधील १९९६ च्या बांधकामविषयक कायद्याची चौकट याहून कडक आहे. मुदतीत कपातीची नोटीस दिली नाही, तर कळवलेली रक्कम आधी द्यायची, वाद नंतर घालायचा.

आपल्याकडे बांधकाम देयकांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सूक्ष्म व लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, अशी तरतूद आहे. अशा पुरवठादारांचे पैसे मुदतीत न दिल्यास प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करासाठी वजा मिळत नाही, हा नियमही १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. मात्र बांधकामाची कार्यकंत्राटे २००६ च्या कायद्यात बसतात का, यावर न्यायालयांत वाद झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या काही निकालांत ती बाहेर धरली गेली. थोडक्यात, छत्री आहे, पण ऐन पावसात ती उघडेल याची खात्री नाही.

सॉफ्टवेअरकडून मागायचे काय?

वेग नव्हे, साक्ष. बिल कोणत्या तारखेला दिले, कुणी स्वीकारले, किती दिवसांनी तपासले, किती कापले आणि का, हे सारे अहवालाच्या पहिल्याच पानावर यायला हवे. मागणी आणि मंजुरी यांतला फरक बाबवार दिसायला हवा. मोजमापांसोबत तारखेचे छायाचित्र आणि दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. करारातही ‘बिल मिळाल्यापासून इतक्या दिवसांत लेखी आक्षेप, नाहीतर निर्विवाद रक्कम अदा’ असे कलम हवे. त्याशिवाय तारखांच्या या नोंदी केवळ तक्रारीचे भेंडोळे ठरतील.

आणि हा न्याय वरून खाली सारखा लागू व्हावा. मोठा कंत्राटदार मालकाकडे मंजुरीची मुदत मागतो. त्याच्याच हाताखालचा सेंटरिंगवाला किंवा फरशीवाला मात्र वहीतल्या आकड्यावर आणि ‘पुढच्या बिलात बघू’ या आश्वासनावर काम करतो. त्याचे मोजमाप त्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, फक्त त्याला दाखवले जात नाही. त्याच्या मोबाइलवर त्याच्या बिलाचे पान पाठवायला वेगळा खर्च येत नाही. ते पान गेले, तर त्याचे पैसे कोणत्या टेबलावर अडलेत, एवढे तरी त्याला कळेल.