सोनटक्क्याचे गोत

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावावयाचे उटणे कशाचे केले आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पाणी उकळत असते, धाकटी मंडळी फटाक्यांकडे डोळे लावून बसलेली असतात आणि घरातील वडीलधारे 'आटपा, उजाडलं!' म्हणून ओरडत असतात. अशा वेळी वनस्पतिशास्त्र कोणाला सुचणार? तरीही यंदा त्या पुडीवरील नावे वाचण्याइतकी सवड वाचकांनी काढावी, अशी आमची विनंती आहे. चंदन, वाळा, नागरमोथा यांच्या जोडीला तेथे बहुधा आंबेहळद, कचोरा आणि कपूरकचरी ही नावे आढळतील. ही तिन्ही एकाच कुळातली, आल्याच्या कुळातली. चहात आले, देव्हाऱ्यात हळद, शिऱ्यात वेलदोडा आणि न्हाणीघरात कपूरकचरी, असा या कुळाचा आपल्या घरात चौफेर संचार आहे.

या उद्योगी कुळात एक देखणे अपत्यही जन्मास आले आहे. ते आमटीत पडत नाही की उटण्यात कुटले जात नाही. कपूरकचरीची ही सख्खी बहीण म्हणजे आपला सोनटक्का. त्याचे रूप, त्याचे गोत आणि या गोताच्या नावावर खपणारे औषधी गुण, एवढा आजचा विषय आहे.

हरिहरेश्वरास चार टेकड्या आहेत आणि त्यांतील एकीचे नावच पुष्पाद्री आहे. पण येणारा यात्रेकरू काळभैरवाचे दर्शन घेतो, ओहोटी पाहून खडकावरची प्रदक्षिणा उरकतो आणि समुद्रात पाय बुडवून परत फिरतो. येथील खरी फुले घरांच्या पाठीमागे, नारळी-पोफळीच्या वाड्यांत असतात. तिकडे त्याला कोण नेणार? वाडीत जेथे पाटाचे पाणी मुरते किंवा न्हाणीचे सांडपाणी जाते, त्या ओलसर सावलीत सोनटक्क्याचे बेट असते. त्याला कोणी खत घालीत नाही की आळे करीत नाही. पावसाळ्यात पुरुषभर उंचीचे दांडे उभे राहतात, प्रत्येकाच्या टोकाला हिरवे कणीस येते आणि श्रावणापासून पुढे रोज संध्याकाळी त्या कणसातून दोन-चार पांढरी फुले बाहेर पडतात. दिवेलागणीला वास ओटीपर्यंत येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच फूल भिजलेल्या कागदासारखे मलूल झालेले असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन तालुक्यातील पोफळी काडेपेटीतील काड्यांसारख्या मोडून पडल्या. पोफळ लावली की सुपारी हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे वाट पाहावी लागते. त्या दिवसात किती घरांची किती वर्षे वाहून गेली, याचा हिशेब ज्याचा त्यालाच ठाऊक. सोनटक्क्याचे मूळधन मात्र जमिनीखाली असते. त्याचा आल्यासारखा आडवा वाढणारा गड्डा वाऱ्याच्या तावडीत सापडत नाही. वरचे सगळे गेले तरी त्यातून पुन्हा कोंब फुटतो.

या फुलाची घडण मोठी फसवी आहे. ज्यांना आपण पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नव्हेतच. खऱ्या पाकळ्या चिंधीसारख्या अरुंद असून मागे लोंबत असतात. पुढे मिरवतात ते रूप पालटलेले पुंकेसर. खरा पुंकेसर एकच उरला आहे आणि स्त्रीकेसराचा बारीक धागा त्याच्याच खोबणीतून वर आलेला असतो. मध हवा असेल तर लांब नळीत तळापर्यंत सोंड घालावी लागते. ती सोय असते रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांची. म्हणून तर हे फूल पांढरे असते आणि संध्याकाळी दरवळते. आपल्या वेणीसाठी ते उमलते, हा आपला गोड गैरसमज आहे.

लिनियसचा शिष्य योहान कोएनिग हा तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला होता. या झाडाला १७८३ साली शास्त्रीय नाव मिळाले ते त्याच्याकडून: हेडिचियम कोरोनेरियम. पहिल्या शब्दात ग्रीक भाषेतील 'गोड' आणि 'हिम' हे दोन शब्द आहेत. दुसऱ्याचा अर्थ हारात किंवा मुकुटात गुंफण्याजोगे. शास्त्रज्ञही कधी कधी कवीसारखे नाव ठेवतात, ते असे. झाडाचे मूळ घर पूर्व हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतचा ओला डोंगराळ प्रदेश. तेथून ते जगभर गेले. क्यूबात त्याला 'फुलपाखरू' म्हणतात आणि ते तेथील राष्ट्रीय फूल आहे. हवाई बेटांत मात्र ते माळेत गुंफतात आणि रानात माजले म्हणून उपटतातही. परक्या घरी पाहुण्याने किती पसरावे, याला मर्यादा असते.

आता औषधाकडे वळू. आल्याचे कूळ म्हटले की आपण मराठी माणसे निम्मे वैद्य होतोच. पण आमची भाषा आमच्यापेक्षा शहाणी आहे. या एका कुळावरून तिने तीन म्हणी घडवल्या आहेत आणि तिन्ही वैद्यकाच्या वर्गात फळ्यावर लिहून ठेवण्याजोग्या आहेत. सुंठीवाचून खोकला गेला: म्हणजे पुष्कळ दुखणी औषधाशिवायही बरी होतात, तेव्हा श्रेय सुंठीला देण्याआधी थांबावे. पी हळद आणि हो गोरी: म्हणजे औषधाला अवधी लागतो, घोटासरशी गुण येत नाही. आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे: याचा अर्थ आम्ही सांगावयास नको. तो आपल्याला शेजाऱ्यांत रोज दिसतो.

या तीन म्हणी हाताशी ठेवून सोनटक्क्याचे गुण पाहू. त्याच्या गड्ड्याचा काढा तापावर, संधिवातावर आणि वेदनांवर देण्याची रूढी आपल्या देशात आहे, चीनमध्येही आहे. १९८८ साली जपानी संशोधकांनी या गड्ड्यातून काही द्रव्ये वेगळी काढली आणि झाडाच्या नावावरून त्यांना 'कोरोनेरिन' असे नाव दिले. त्यांतील काही द्रव्ये काचेच्या बशीत वाढविलेल्या कर्करोगाच्या पेशी मारतात, असे दिसून आले. गड्ड्याच्या तेलात निलगिरीच्या तेलातील मुख्य द्रव्यही सापडते. हे सारे खरे आहे आणि अभ्यास पुढे चालू राहावा असेच आहे. परंतु बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. बशीला यकृत नसते, मूत्रपिंड नसते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याची घाईही नसते. सोनटक्क्याचा काढा पिऊन माणसाचा कर्करोग बरा होतो असे कोणी सिद्ध केलेले नाही. उलट त्याच कुळातील आल्याच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत आणि मळमळीवर त्याचा काहीसा उपयोग होतो, असे आढळले आहे. तेवढ्यासाठी आजीच्या आल्याच्या रसाला मान द्यावा. पण त्याच मानावर सगळे कूळ डॉक्टर ठरवू नये.

दुसरी अडचण नावाची आहे. चरकसंहितेत दम्यावरील दहा द्रव्यांचा एक गण सांगितला आहे. त्याची सुरुवातच 'शटी' या नावाने होते. ही शटी कोणती? उत्तरेकडे ती म्हणजे हिमालयातील कपूरकचरी, सोनटक्क्याची बहीण. केरळात त्या जागी कच्चोलम नावाचे निराळेच झाड वापरात आहे; आणि कोठे कोठे कचोऱ्यालाही तो मान मिळतो. नाव एक, गड्डे तीन. तिघांनाही सुवास आहे आणि वाळवून चकत्या केल्या की नवख्याला ते ओळखू येत नाहीत. ग्रंथातला गुण मग नेमका कोणाच्या पदरात घालावयाचा?

या अडचणीवरचा उपाय आपल्याच कोकणी मंडळींनी साडेतीनशे वर्षांपूर्वी दाखवून दिला आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तूस मलाबारिकूस' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले. त्याला झाडे सांगणारा मुख्य माणूस केरळी वैद्य इट्टी अच्युदन आणि त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. या तिघांनी १६७५ साली नागरी लिपीत, कोकणी भाषेत दिलेली ग्वाही पहिल्या खंडात छापलेली आहे. प्रत्येक झाडाचे पानाफुलांसह मोठे चित्र, त्याखाली निरनिराळ्या लिप्यांतील नावे आणि मग गुण, अशी ग्रंथाची मांडणी. सह्याद्रीत पावसाळ्यात लाल कणसातून पांढरी फुले काढणारा आणि जिन्यासारखी वळत जाणारी पाने मिरवणारा आपला पेवा त्या ग्रंथात आहे. आधी चित्र, मग नाव आणि शेवटी गुण. हा क्रम उलटला की वैद्यकाचा बाजार होतो.

बाजाराचे ताजे उदाहरण याच पेव्याच्या भाऊबंदांतले आहे. अमेरिका खंडातून आलेल्या पेव्याच्या एक-दोन जाती अलीकडे रोपवाटिकांत 'इन्सुलिन' या नावाने मिळतात. पर्यटकांसाठी बांधलेल्या घरांपुढे शोभेचे झाड म्हणून त्या छानच दिसतात. पण लोक त्यांची पाने रोज सकाळी चावून खातात. आमच्या नात्यातील एका काकांनी असाच क्रम धरला होता आणि जोडीला मधुमेहाच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या होत्या. आम्ही हटकले तेव्हा म्हणाले, "अरे, झाडाचं नावच इन्सुलिन आहे! आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

"काका, आपल्या गल्लीत एकाचं नाव कुबेर आहे. त्याच्याकडे उसने मागायला जाता का तुम्ही?"

काका हसले, पण पाने खातच राहिले. पुढे पायाची लहानशी जखम महिनाभर भरेना, तेव्हा रक्त तपासले आणि काकू रडकुंडीला आल्या. गोळ्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्या. पाय वाचला, हे नशीब.

येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते पोटात गेले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते, म्हणूनच १९२२ साली टोरांटो येथे पहिल्या रोग्याला ते दिले तेव्हापासून त्याची सुई टोचावी लागते. त्या झाडाच्या पानांवर उंदरांत प्रयोग झाले आहेत, रक्तातील साखर उतरल्याची निरीक्षणेही आहेत; पण माणसांवरील पुरावा तुटपुंजा आहे. समजा, त्यात खरोखरच गुण असला, तर धोका अधिकच. गोळी आणि पान दोन्ही मिळून साखर एकदम खाली जाईल. आणि गुण नसला, तर गोळी सोडलेल्या माणसाची साखर गुपचूप वर चढेल. दोन्ही वेळा डॉक्टर अंधारात. पान खावयाचेच असेल तर निदान डॉक्टरांना सांगून खावे आणि गोळीला हात लावू नये.

याचा अर्थ घरगुती ज्ञान टाकून द्यावे, असा मुळीच नाही. उलट ते जपण्याची रीत शिकावी, असे आमचे म्हणणे आहे. १९९५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीने जखम भरते या 'शोधा'चे पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक तेव्हा गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर होते. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कशाने झाले? आमची आजी बोटाला हळद लावीत असे, एवढ्या सांगण्याने झाले नाही. जुन्या ग्रंथांतील उतारे आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुढे ठेवावे लागले. आजीचे खरेच होते, पण ते कोणीतरी लिहून ठेवले होते म्हणून टिकले.

म्हणून वाचकांस एक काम सुचवितो. दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळजण आपापल्या गावी जातात. घरात सत्तरी ओलांडलेल्या ज्या काकू-मावश्या असतील त्यांना वाडीतून एक फेरी मारावयास लावावी आणि हाती वही घ्यावी. प्रत्येक झाडाचे त्या ज्या नावाने बोलतात ते नाव, ते कोठे उगवते, फुलते केव्हा, आणि कोणता भाग कशासाठी, किती आणि कोणाला देत, हे त्यांच्याच शब्दांत लिहावे. शेजारी एक पान आणि एक फूल दाबून चिकटवावे. 'देऊ नये' असे त्या कशाबद्दल म्हणतात, तेही विसरू नये. औषधापेक्षा ती माहिती मोलाची असते. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट यांनी याहून निराळे काही केले नव्हते.

त्या वहीत सोनटक्क्यापुढे 'केसांत माळतात' एवढेच लिहिले गेले, तरी हळहळू नये. सगळ्या गोताने कष्ट करावे आणि एकाने नुसते दरवळावे, अशी सोय कोणत्याही चांगल्या घरात असतेच.