सिस्टरची नोंद कोण वाचणार?

नागपुरात 'मेडिकल' आहे, 'मेयो' आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठही आहे. पण उपचारांतील हलगर्जीच्या खटल्यात तज्ज्ञ म्हणून परिचारिकेला कोण विचारतो? अमेरिकेत वकिलांना रुग्णाचे कागद उलगडून सांगणाऱ्या परिचारिकांची संघटना १९८९ पासून आहे, तिची वार्षिक अधिवेशने भरतात. आपल्याकडे १९९८ च्या स्प्रिंग मेडोज खटल्यात चुकीचे इंजेक्शन नर्सने दिले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरविरुद्धच्या फौजदारी तक्रारीआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत मागितले. रास्तच. मात्र सलाइन कधी लावले, डॉक्टरांना केव्हा कळवले, हे रात्रपाळीची सिस्टरच लिहिते. कोर्टात ती येते ती बहुधा साक्षीदार किंवा आरोपी म्हणूनच. परिचारिकांच्या अधिवेशनांत वेतन, बढत्यांबरोबर यावरही एक सत्र हवे, आणि श्रोत्यांत चार वकील.